रेडियमच्या जाकिटांची फ्लॅशमावशी

वन्सं,

रागावू नका. म्हणजे रागावणार तर आहातच, पण शेवटपर्यंत वाचून मग रागवा. तुमच्यावर चार पानं लिहायचं मी ठरवलंय. लोक मोठ्या माणसांची चरित्रं लिहितात, त्यांत सगळं असतं, फक्त त्या माणसाची झोप कशापायी उडाली तेवढं नसतं. तुमच्यापाशी नेमकं तेच आहे. अडचण एकच. तुमच्याशी सरळ बोलायला गेलं की तुम्ही वाक्य पुरं होऊ देत नाही. 'असं नव्हतंच मुळी ते' म्हणून मध्ये हात घालता. तेव्हा इथून पुढे तुम्ही खोलीत नाही असं समजून सांगते. मलाही नुसती भावजय म्हणते, म्हणजे कुणाचाच मुलाहिजा ठेवायला नको.

तर वन्सं. चण बारीक, आवाज मोठा, आणि बूड म्हणून एका जागी टेकायचं नाही. जेवता जेवता उठून गॅसचं बटण बघणार, परत बसणार, परत उठणार. कुणाशीही बोलत असल्या तरी नजर त्याच्या बाहीवर. बाहीला सुटलेला दोरा दिसला की गप्पा तिथेच थांबल्या. "हलू नकोस," म्हणून दोरा दाताने तोडणार आणि मग, "हां, काय सांगत होतीस?" सांगणारीला आता काय आठवणार, कपाळ!

नवरा हयात होता तोवर घरी बसून शाळेचे गणवेश शिवले. तो गेल्यावर, आणि मुलगा शिकायला परगावी गेल्यावर, त्या एका शिलाईच्या कारखान्यात लागल्या. तिथे रस्त्यावर काम करणाऱ्यांची जाकिटं शिवतात. भडक पोपटी किंवा नारिंगी, आणि छातीवर, पाठीवर रुपेरी पट्ट्या. गाडीचा दिवा पडला की पट्टी लखकन चमकते आणि चालवणाऱ्याला लांबूनच कळतं की पुढे माणूस आहे. कारखान्यात त्या पट्टीला सगळे रेडियम म्हणतात. ते रेडियम नाही हे भावजयीने एकदा शहाणपणाने सांगून पाहिलं. वन्सं म्हणाल्या, "बरं. मग तू त्याला काय म्हणतेस?" भावजयीला चटकन मराठी शब्द सुचला नाही. तेव्हापासून रेडियमच.

दोनचार वर्षं मशीनवर बसल्यावर वन्सं चेकिंगला आल्या. चेकिंगचं काम तसं कुणालाच नको असतं, कारण त्यात मैत्रिणी तुटतात. वन्संच्या तुटल्या नाहीत, कारण त्या सगळ्यांना सारख्याच बोलत. शिवण, चेन, खिसा बघायला डोळे आणि बोटं पुरतात. रेडियमचं तसं नाही. दिवसाउजेडी खरी पट्टी आणि नुसतं चंदेरी कापड शेजारी ठेवा, देवालासुद्धा फरक कळायचा नाही. म्हणून पूर्वी जाकीट कोठीच्या अंधाऱ्या खोलीत न्यायचं आणि बॅटरी कानशिलाला लावून बघायचं. दिवा डोळ्याशेजारीच हवा. रेडियमची खोड अशी की ज्या बाजूने उजेड येतो त्याच बाजूला तो परत धाडायचा. दिवा एकीकडे आणि डोळा दुसरीकडे असला की पट्टी मुकी.

कॅमेरा आला तो अपघाताने. मुलाने पहिल्या पगारात घेतलेला, खिशात मावणारा, भिंगाच्या शेजारीच नखाएवढा फ्लॅश. पुढे त्याच्या हातात चांगला फोन आला आणि कॅमेरा कपाटाच्या खणात पडला. कारखान्यातली एक बाई काम सोडून चालली होती, तिचा फोटो काढायला म्हणून वन्संनी तो नेला. फोटो निघाला, पण बाईचा चेहरा काळाठिक्कर आणि मागे दोरीवर टांगलेल्या जाकिटांच्या पट्ट्या मात्र ट्यूबलाइट पेटल्यासारख्या. बाई हिरमुसली. "एवढी वर्षं राबले, आणि फोटो जाकिटांचा काढलात होय!" वन्संचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. एक पट्टी त्या फोटोत पेटली नव्हती. त्यांनी ते जाकीट दोरीवरून उतरवलं, कोठीत नेलं, बॅटरी लावून पाहिली. खरंच खोटी होती.

झालं. दुसऱ्या दिवसापासून अंधारी खोली बंद. जाकीट स्टँडवर अडकवायचं, फ्लॅश मारायचा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघायचं. कारखान्यात नाव पडलं फ्लॅशमावशी. हळूहळू त्यांना त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या लहरी कळल्या. कॅमेऱ्यावरचं खुणांचं चक्र 'आपोआप' या खुणेवर असलं आणि खिडकीतून ऊन आलं, तर तो स्वतःच ठरवतो की फ्लॅश नको. तेव्हा नुसत्या विजेच्या खुणेवर ठेवायचं, म्हणजे ऊन असो नसो, मारतोच. डोळ्याच्या खुणेवर ठेवलं तर आधी एकदा फसवं लुकलुकतो आणि मग खरा मारतो, कारण माणसाचे डोळे लाल येऊ नयेत. आणि प्रत्येक फोटोनंतर दिव्याला दम लागतो, केशरी ठिपका लुकलुकत राहतो, तो थांबेपर्यंत बटण दाबून उपयोग नाही. वन्संना सगळ्यात जाच व्हायचा तो या ठिपक्याचा. "एवढ्यात एक खिसा तपासून होतो," म्हणायच्या, आणि तपासायच्याही.

एक नियम मात्र त्यांचा स्वतःचा होता. समोर उभं राहायचं नाही, तिरकं राहायचं. कारण गुळगुळीत चंदेरी कापडावर समोरून फ्लॅश मारला की तेही आरशासारखं चमकतं, आणि फोटोत खऱ्यासारखंच पांढरं येतं. बाजूला सरकून मारला की त्याचं सोंग उतरतं. खरं रेडियम तिरक्यातूनही चमकतं. स्टँडपासून डावीकडे फरशीवर त्यांनी खडूने एक रेघ मारून ठेवली होती, पुसली की पुन्हा मारायच्या.

आणि मग ते झालं.

कारखान्यात नवी फरशी बसवली. टेबलं हलली, स्टँड भिंतीशी गेला, डावीकडे कापडाचे गठ्ठे रचले. रेघ गेली, आणि रेघेची जागाही गेली. त्यात वन्संचा गुडघा त्या आठवड्यात भोपळ्यासारखा सुजलेला. रस्ते झाडणाऱ्यांची मोठी ऑर्डर दारात ट्रक लावून उभी. वन्सं स्टुलावर बसल्या. स्टूल स्टँडच्या बरोबर समोर होतं. बसल्या बसल्या फ्लॅश मारत गेल्या. सगळ्या पट्ट्या पांढऱ्याशुभ्र. सगळी जाकिटं पास.

दोनेक आठवड्यांनी भावजय संध्याकाळची त्यांच्याकडे वर गेली होती. भावजय खालच्या मजल्यावर राहते, आणि तिला कुठल्याही यंत्राशी धीराने वागता येत नाही. वन्सं कॅमेऱ्यातले मुलाचे जुने फोटो दाखवत होत्या. भावजयीने पुढचा फोटो बघायला म्हणून भलतंच काही दाबलं आणि फाडकन फ्लॅश उडाला.

"अगं बाई! आंधळी करतेस का मला?"

"मी काय मुद्दाम केलं? तुमच्या या डबड्याला एकच बटण नसतं का हो?"

"दाखव काय काढलंस ते. माझ्या चहा पितानाच्या तोंडाचा फोटो असेल."

तोंडाचा नव्हता. टेबलाचा कोपरा, वाटी, भावजयीचं अर्धं कोपर, आणि खिडकीचा पडदा. पडदा ज्या पट्टीने बांधला होता ती पट्टी वन्संनी कारखान्यातल्या उरलेल्या तुकड्यांतून आणली होती, त्याच ऑर्डरच्या शेवटच्या रोलची. फोटोत ती बाजूने आली होती. आणि राखेसारखी करडी दिसत होती.

वन्सं उठल्या. कॅमेरा घेतला, ठिपका थांबायची वाट बघितली, पडद्याच्या समोर उभं राहून एक काढला. पांढरा. तिरकं होऊन एक काढला. करडा. पुन्हा समोरून. पुन्हा तिरका. भावजय म्हणाली, "वन्सं, चहा गार होतोय." वन्सं कॅमेरा टेबलावर ठेवत म्हणाल्या, "मी बसून काढले गं सगळे."

त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही, हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. भावजयीच्या डोक्यावरच त्यांची खोली, त्यामुळे पावलं ऐकू यायची. खिडकीपाशी, दारापाशी, परत खिडकीपाशी. खाली कचऱ्याची गाडी आली की पावलं थांबायची. झाडणारे लोक उजाडायच्या आधी रस्त्यावर येतात, ट्रकही त्याच वेळी येतात. आणि झाडणाऱ्याची पाठ रस्त्याकडे असते. त्याला वाटतं, मागे पट्टी आहे, आपण दिसतोय.

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या मालकांपुढे उभ्या राहिल्या. मालक तसा वाईट माणूस नव्हे. घाबरट, आणि घाबरट माणूस अडचणीत आला की वाईटासारखाच वागतो, एवढंच.

"बाई, गेलेला माल मेला," तो म्हणाला. "त्याच्यावर आता बोलायचं नाही."

"माल मेला तर मरू दे. माणूस मरेल त्याचं काय?"

"असं अभद्र बोलू नका हो सकाळी सकाळी. रोलवाल्याने फसवलं आपल्याला. सगळा काही खोटा नसेल. एखादा रोल."

"एखादाच आहे, बाकीच्यांचे तुकडे आल्याआल्या तिरके तपासले मी. म्हणूनच म्हणते, किती जाकिटं असतील? चाळीसेक. शोधून बदलू."

"आणि ऑर्डर देणाऱ्याला काय सांगू? आमच्या चेकिंगच्या बाईंचा गुडघा दुखत होता?"

हे वर्मी लागलं. तरी वन्सं टेबलापुढून हलल्या नाहीत. मालकाने कपाळ पुसलं. मग छताकडे बघत म्हणाला, "मी काही ऐकलेलं नाही. मागच्या खोलीत नापास जाकिटं पडलीत, चेन वाकडी लागलेली, डाग पडलेली. पट्टी चांगली आहे त्यांची. ती कुणी उचलून नेली तर मला कळणार नाही. मी असल्या गोष्टींकडे बघत नाही."

वन्संनी त्या सगळ्या जाकिटांचा तिरका फोटो काढून खात्री केली आणि मोठाले दोन बोजे बांधले. एक त्यांनी घेतला, एक भावजयीच्या डोक्यावर मारला. भावजय कॉलेजात शिकलेली, चार लोकांत ऊठबस असलेली बाई, आणि उजाडायच्या आधी दिव्याच्या खांबाखाली बोजा घेऊन उभी. "कुणी ओळखीचं भेटलं तर सांगीन, तुम्ही मला पळवून आणलंय," ती म्हणाली. "सांग. खोटं कुठे आहे?" वन्सं म्हणाल्या.

झाडणाऱ्यांची हजेरी एका गोदामाच्या पडवीत व्हायची. मुकादम छाती काढून उभा, सगळ्यात कडक जाकीट त्याचंच.

"कोण तुम्ही? काय पाहिजे?"

"जाकिटं आमच्याकडची आहेत. फोटो काढायचेत."

फोटो म्हटल्यावर माणसं बदलतात. दोघांनी केस सारखे केले, एकीने झाडू खाली ठेवला. वन्संनी पहिला काढला, आणि सगळा घोळ झाला. आदल्या दिवशी मुलाच्या फोटोंशी चाळा करताना चक्र डोळ्याच्या खुणेवर गेलं होतं. पहिलं फसवं लुकलुकणं झालं, माणसांना वाटलं झाला फोटो, सगळे वळून चालायला लागले, आणि मग खरा फ्लॅश उडाला तो त्यांच्या पाठींवर.

"अहो, थांबा! परत!"

"मावशी, लग्न जमवायचंय का आमचं? एवढे फोटो कशाला?"

"तुझं थोबाड येतच नाही यात, काळं पडतं. काळजी करू नको."

"मग बरं. जमेल."

वन्सं प्रत्येकाच्या बाजूला जाऊन तिरका फ्लॅश मारायच्या, ठिपका लुकलुकत असताना पाय आपटायच्या, मग पुढचा. बहुतेक पाठी लख्ख पेटल्या. मध्येच एक विझलेली. मग आणखी एक. विझलेल्याला त्या बाजूला काढायच्या आणि भावजय बोज्यातलं जाकीट पुढे करायची. आता गंमत अशी की विझलेली जाकिटं कोरी करकरीत, आणि बदल्यात द्यायची ती डागाळलेली, चेन अडकणारी.

"नवं घेऊन जुनं देता? हा कुठला धंदा?"

"तुझं नवं आहे, पण गाडीवाल्याला दिसत नाही."

"मला दिसतंय की चमकताना."

"तुला दिसून काय करायचंय? तू काय स्वतःच्या अंगावर गाडी घालणार आहेस?"

यावर पडवीत हशा झाला. वन्संनी कॅमेऱ्याचा पडदा त्याच्या नाकाशी धरला, शेजारची पाठ पेटलेली आणि याची नाही. माणूस बराच वेळ बघत राहिला. "मी या पट्टीच्या भरवशावर वळणावर झाडतो," तो म्हणाला, आणि निमूट जाकीट उतरवलं.

मुकादम मात्र ऐकेना. "माझं मी स्वतः निवडून घेतलंय. गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं." तो समोर ताठ उभा राहिला. वन्सं गुडघा धरून बाजूला गेल्या. फ्लॅश. करडं. मुकादमाने पडद्यात पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, चेन ओढली आणि अगदी हळू विचारलं, "मोठ्या मापाचं आहे का एखादं?"

नंतरच्या सगळ्या सकाळी दोघी तशाच हिंडल्या, या चौकीवरून त्या चौकीवर. भावजयीची पाठ धरली, वन्संचा गुडघा गेला. कामावर निघून गेलेल्यांना वन्सं रस्त्याच्या पलीकडूनच गाठायच्या. फ्लॅशचा उजेड चार-पाच पावलांत संपतो, माणूस अंधारात बुडून जातो, पण खरं रेडियम पलीकडच्या कडेवरूनही ठिणगीसारखं दिसतं. ठिणगी आली की वन्सं मोठ्याने म्हणायच्या, "हा आहे." फोटोत नुसता काळोख आला की तडक रस्ता ओलांडायला लागायच्या, गाड्यांकडे न बघता. भावजय दंडाला धरून मागे ओढायची. "वन्सं, तुमच्या अंगावर तर पट्टीच नाहीये!"

खिडकीच्या पडद्याला बांधलेल्या उरल्या तुकड्यावरून आणि रोलच्या लांबीवरून वन्संनी खोटी जाकिटं किती याचा मनात हिशेब धरला होता. एक सोडून सगळी सापडली. त्या एकासाठी त्यांनी मुकादमाचं डोकं खाल्लं. शेवटी त्याला आठवलं.

"तो शीळवाला असेल. झाडताना शीळ घालायचा सारखी. गेला की सोडून, मागच्या आठवड्यात. पुलापलीकडे लाकडाच्या वखारीत लागलाय."

"आणि जाकीट?"

"नेलं त्याने. खरं म्हणजे जमा करायचं असतं. पण गार होतं, म्हटलं राहू दे अंगावर."

"वखारीत त्याला जाकीट कशाला लागतंय? आतच काम असणार."

"वखारीत नाही हो. घर त्याचं इकडेच आहे कुठेतरी. सायकलने जातो येतो, मोठ्या रस्त्याने. सायकलला मागे दिवा नाही. मी म्हटलंसुद्धा, दिवा लाव बाबा. तर हसला. म्हणे, जाकीट आहे ना!"

वन्सं तिथेच पडवीच्या पायरीवर बसल्या. भावजयीने त्यांना आपण होऊन बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी वन्संना सुट्टी आणि वखार चालू, म्हणून तेव्हाच पुलापलीकडे जायचं ठरलं. चांगली चेन असलेलं एकच जाकीट बोज्यात होतं, ते वन्संनी त्याच्यासाठी बाजूला काढलं, पट्टी तिरकी तपासली, घडी घालून पिशवीत ठेवलं. त्या रविवारी पुलाचं काही काम निघालं आणि बसच गेल्या नाहीत. पुढच्या रविवारी वन्संना जिना उतरवेना. भावजय म्हणाली, "द्या इकडे पिशवी. मी जाऊन येते. वखार काय, विचारत विचारत सापडेल."

"तू नको."

"का? मला पाय नाहीत?"

"पाय आहेत, डोळे नाहीत. तो दुसरंच कुठलं तरी जाकीट घालून समोर येईल. तू सरळ त्याच्या पुढ्यात उभी राहशील, एक फोटो काढशील आणि येऊन सांगशील, चमकतंय की हो छान."

भावजयीला राग आला. खरं तर राग यायचं कारण नव्हतं, कारण ती तसंच करण्याची शक्यता होती. पण आला. "मग जा तुम्हीच," म्हणाली, आणि खाली आली. दोन दिवस वर गेली नाही. तिसऱ्या दिवशी वन्संचा मुलगा आला, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणून त्यांना आपल्या गावी घेऊन गेला. निघताना रिक्षात बसून वन्संनी हात बाहेर काढून पिशवी भावजयीच्या हातात दिली. "असू दे तुझ्याकडे. मी आले की दोघी जाऊ. एकटी जाऊ नकोस."

भावजय म्हणाली, "बरं."

गुडघा बरा झाला, पण मुलाने त्यांना सोडलं नाही. तिकडे नातवंडं, लिफ्ट, सगळी सोय. आठवड्यातून एकदा फोन येतो. गॅस बंद करतेस का, नळ गळत होता त्याचं काय केलंस, कारखान्यातलं कुणी भेटलं का. मग मध्येच आवाज खाली जातो. "पुलापलीकडे गेली होतीस?"

"तुम्ही नको म्हणालात."

"हो. नकोच जाऊस. मी येतेय ना पुढच्या महिन्यात. तेव्हा जाऊ."

"या. रविवार बघून या."

"हो, रविवारच. रविवारी तो वखारीत असायचाच."

फोन ठेवला की भावजय पिशवीतलं जाकीट काढते, झटकते, आणि पुन्हा तशीच घडी घालून ठेवते.